वाचकांचे प्रश्न : खातं नको, जाहिराती नकोत

प्रश्न : मी जांबोटी भागातली निवृत्त शिक्षिका. बचत गटाचे हिशेब लिहायला नवा लॅपटॉप घेतला. सुरू करतानाच तो इंटरनेट आणि ऑनलाइन खातं मागू लागला. इथं पावसाळ्यात रेंजचा भरवसा नाही. शेवटी मुलानं बेळगावात नेऊन खातं उघडून दिलं. आता स्टार्ट दाबलं की नको ती अ‍ॅप्स दिसतात, शिवाय ‘जागा भरत आली, विकत घ्या’ असे निरोप. खात्याशिवाय चालेल का? गटाचा जुना विंडोज १० चा संगणकही पडून आहे.

उत्तर : चालेल, बाई, आणि तसाच चालवा. कुणाचं किती कर्ज, कुणाचा हप्ता थकला, हे गटातल्या बायकांनी विश्वासानं तुम्हाला सांगितलेलं असतं. ते दूरच्या कुठल्या खात्यात साठवायची गरज नाही.

विंडोज ११ च्या होम आवृत्तीत खात्याची अट २०२१ पासूनच आहे. ती चुकवण्याच्या युक्त्या मायक्रोसॉफ्ट कंपनी एकेक करून बंद करत आली आहे, मला हे मुळीच पटत नाही. पण एकदा उघडलेलं खातं नंतर सोडवता येतं. घाई मात्र करू नका.

आधी सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघा. ते चालू असेल तर डिस्कला कुलूप आहे आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या ऑनलाइन खात्यात ठेवलेली असते. मुलाकडून ती काढून घ्या, हिशेबाच्या वहीत लिहा, आकडे पुन्हा ताडून पाहा. कधी लॅपटॉपनं ती मागितली आणि हाताशी नसली, तर सगळे हिशेब आतच अडकतील.

जागेचे निरोप वनड्राइव्हचे, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन साठवणीचे. फुकट मिळते ५ जीबी, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स तिकडे चढत असतात. सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा, त्या उघडतात का पाहा, मगच वनड्राइव्हमधला बॅकअप थांबवा.

आता ‘अकाउंट्स’, ‘युअर इन्फो’, तिथं ‘साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड’, म्हणजे फक्त या लॅपटॉपपुरतं खातं. नाव, पासवर्ड द्या, झालं. पुढं एखादं अ‍ॅप खातं मागेल. तेव्हा फक्त त्या अ‍ॅपपुरतं साइन-इन निवडा.

जाहिरातींसाठी ‘पर्सनलायझेशन’, ‘स्टार्ट’ इथलं शिफारशींचं बटण बंद करा. ‘नोटिफिकेशन्स’च्या तळाशी ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ आहेत, तिथल्या सगळ्या खुणा काढा. मोठं अपडेट आलं की हे पुन्हा बघत जा.

जुन्या संगणकाच्या विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी संगणक प्रणाली घाला : फुकट आहे, ऑनलाइन खातं मागत नाही, मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. मात्र आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून गटाचा प्रिंटर ओळखतो का ते तपासा. जुन्या फाइल काढून घेतल्याशिवाय डिस्क पुसू नका.