माजी की तत्कालीन? आणि ते 'मा.' नक्की कशाचं?

नेरूळच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या सोसायटीची स्मरणिका निघतेय आणि पहिल्याच पानावर वाक्य आहे, "माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली." कमिटीतले एक काका म्हणतायत इथे तत्कालीन हवं, दुसरे म्हणतात आज ते मुख्यमंत्री नाहीत ना, मग माजीच. ताई विचारतात, प्रेसला काय पाठवू?

ताई, पहिले काका बरोबर आहेत. हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो पण दोघांची उभं राहायची जागा वेगळी आहे. माजी म्हणणारा माणूस आजच्या दिवसात उभा राहून मागे बघतो, आणि तत्कालीन म्हणणारा त्या घटनेच्या दिवशी जाऊन उभा राहतो. वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते, म्हणजे १९७० साली ते खुर्चीवरच होते, आणि त्या तारखेला माजी चिकटवलं की ज्याला माहीत नाही त्याला वाटणार पद सोडल्यावर त्यांनी काहीतरी केलं. उलट "१९७९ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचं निधन झालं" असं कुणी लिहिलं तर तेही चूकच, कारण तेव्हा ते माजी होते. तत्कालीनला कायम एक घटना लागते, नुसतं "तत्कालीन मुख्यमंत्री अमुक अमुक कार्यक्रमाला आले" असं लिहून चालत नाही, कोणत्या काळचे ते कळायला नको का.

आणि कृपा करून तात्कालीन लिहू नका. तत् अधिक काल, त्यापुढे ईन, झालं तत्कालीन, समकालीनसारखं. तात्कालिक हा वेगळा शब्द, तेवढ्यापुरतं असा त्याचा अर्थ. दोघांची खिचडी होऊन तात्कालीन तयार झालंय आणि चांगल्या छापलेल्या मजकुरातही दिसतं.

माजी मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे माज़ी म्हणजे होऊन गेलेला काळ, आपण तो माणसाच्या पदाला लावला. आणि मराठीने त्याला जोडीदार दिला तो मला फार आवडतो, आजी-माजी. यातला आजी म्हणजे आजचा, आजीबाईंशी काही संबंध नाही. "आजी-माजी मुख्यमंत्री एकाच व्यासपीठावर" या चार शब्दांच्या हेडिंगमध्ये राज्याचा सगळा क्रम बसतो. हल्ली बातम्यांत "पूर्व मुख्यमंत्री" दिसायला लागलंय, ते थेट हिंदीतून उचललेलं आहे. आमच्या ठाण्यात पूर्व म्हणजे स्टेशनची कोपरीकडची बाजू. पूर्वाश्रमीचे, पूर्वसूरी असे समास आपले आहेत, पण पदापुढे सुटं पूर्व नको, हातात माजी असताना तर अजिबात नको.

आता त्या 'मा.'चं. २०२४ च्या डिसेंबरात आमच्या गल्लीतल्या कार्यक्रमाचा फ्लेक्स करायचा होता, फ्लेक्सवाल्याने आदल्या वर्षीची फाइल उघडली, त्यात पाहुण्यांच्या नावांआधी सगळीकडे मा. मा. मा. तो मला विचारतो, काका हे माननीय की माजी, म्हणजे मला कळेल कुठलं ठेवू कुठलं काढू. मला उत्तर देता येईना! एका ओळीत "मा. मुख्यमंत्री" म्हणजे माननीय होतं आणि खालच्या ओळीत "मा. नगरसेवक" म्हणजे माजी. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नवी मुंबईची त्याच्याही आधी मे २०२० मध्ये, आणि निवडणुका लांबत गेल्या, त्यामुळे त्या काळात सगळेच नगरसेवक माजी होते आणि बॅनरवर सगळेच मा. दिसायचे. माझं मत स्पष्ट आहे, मा. हे फक्त माननीयसाठी ठेवा, माजी दोन अक्षरांचा शब्द आहे तो पूर्ण लिहा, जागा काही कमी पडत नाही.

त्याच दिवसांत आणखी दोन शब्दांचा गोंधळ झाला. २६ नोव्हेंबर २०२४ ला एकनाथ शिंदे यांनी राजीनामा दिला आणि ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला, मधल्या दिवसांत शिंदे माजी नव्हते, काळजीवाहू होते. राज्यघटनेत हा शब्द नाही, पण मराठीत किती छान बसलाय बघा, मालवाहू टेम्पो माल वाहतो तसा हा माणूस नवा येईपर्यंत काळजी वाहतो. हंगामी मात्र वेगळा. नोव्हेंबर १९६३ मध्ये मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच गेले, तेव्हा वसंतराव नाईक येईपर्यंत थोडे दिवस पी. के. सावंत मुख्यमंत्री होते, ते हंगामी, कारण आधीचा माणूस पुढे चालू राहिला नव्हता, नवाच तात्पुरता बसला होता. मावळते हा शब्द जाणाऱ्याला लावतात, सुंदर आहे, पण तो पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतो हे लक्षात ठेवा, "मावळते मुख्यमंत्र्यांनी" नाही, "मावळत्या मुख्यमंत्र्यांनी". माजीला ही कटकट नाही, तो कुठेही बदलत नाही.

अजून एक, माजी कायमचा नसतो. वसंतदादा, शंकरराव चव्हाण, शरद पवार, विलासराव, फडणवीस हे सगळे माजी होऊन परत आले, आणि परत आले त्या दिवशी माजी गळून पडला. म्हणून जुन्या लेखातलं माजी तसंच उचलून नव्या मजकुरात टाकू नका, तारीख बघा.

ताई, तुमच्या पुढच्या पानावर महापालिकेचा उल्लेख असेलच. नवी मुंबई महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ ला सुरू झाला तेव्हाही मुख्यमंत्री नाईकच होते पण सुधाकरराव, वसंतरावांचे पुतणे. शिवाय तुमच्याकडे नुसतं नाईक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गणेश नाईक येतात, तेव्हा दोन्ही ठिकाणी पूर्ण नाव घाला. पहिल्या पानाचं वाक्य असं करा: "तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली." खरं तर "यांच्या काळात" आहेच, त्यामुळे तत्कालीन काढून नुसतं "मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात" लिहिलंत तर जास्त बरं, आणि दोन्ही काका राजी होतील.