‘बिनविरोध इस्ट्रोजेन’ म्हणावे का?

इंदूरच्या एका महिला मंडळासाठी आरोग्य-पत्रक मराठीत लिहिणाऱ्या ताईंनी विचारले आहे : ‘अनअपोज्ड इस्ट्रोजेन’ला, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकाची (हार्मोनची) जोड नसलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाला, ‘बिनविरोध इस्ट्रोजेन’ म्हटले तर चालेल का? आणि ‘रिसेप्टर’ला, म्हणजे पेशीतल्या संप्रेरक पकडणाऱ्या रेणूला, ‘ग्राहक’ म्हणावे की ‘ग्राही’?

दुसरे आधी उरकू. ग्राही. ग्राहक दुकानात येतो.

‘बिनविरोध’ मात्र नकोच. एक तर नगरसेवक डोळ्यांपुढे येतो. दुसरे म्हणजे त्यातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हाडवैरी असल्यासारखे वाटते, आणि प्रकरण तसे नाही. प्रोजेस्टेरॉनला गर्भाशयाच्या अस्तरात शिरकाव मिळतो तोच मुळी इस्ट्रोजेनमुळे.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तराचा वरचा थर गळून जातो, तळचा राहतो. बीजकोषात वाढणाऱ्या पुटिकेतून (बीज असलेल्या पिशवीतून) इस्ट्रोजेन येऊ लागले की त्या तळातून नवे अस्तर उभे राहते. त्याच वेळी इस्ट्रोजेन तिथल्या पेशींत स्वतःचे ग्राही वाढवते आणि प्रोजेस्टेरॉनचेही. हे दुसरे ग्राही पुरेसे नसतील तर रक्तात प्रोजेस्टेरॉन असूनही अस्तर ढिम्म हलत नाही.

बीज सुटल्यावर त्या पुटिकेचे पीतपिंड होते आणि ते प्रोजेस्टेरॉन स्रवते. मग अस्तरातल्या ग्रंथींची वाढ थांबते, त्या नागमोडी होतात, त्यांत ग्लायकोजेन साठते. प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनचे ग्राही कमी करते. शिवाय एका विकराकरवी (एन्झाइमकरवी) पेशीतल्या इस्ट्राडायॉल या जोरकस इस्ट्रोजेनचे सौम्य इस्ट्रोन करून घेते. एवढ्यावर न थांबता ते स्वतःचेही ग्राही घटवते. चक्राच्या उत्तरार्धात ग्रंथींच्या पेशींतून हे ग्राही जवळपास नाहीसे होतात, भोवतालच्या आधार-ऊतीत टिकून राहतात. याला विरोध कसला म्हणायचा? ‘आवर’ म्हणा. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण 14 दिवसांत मावळते, दोन्ही संप्रेरके उतरतात आणि पाळी येते.

पाळी येण्याच्या वयातच ती थांबली तर डॉक्टर गर्भधारणा नसल्याची खात्री करून मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देतात, तेही याच हिशेबाने : बहुधा 10 मिलिग्रॅम रोज, 5 ते 10 दिवस. गोळ्या बंद केल्यावर आठवड्याभरात स्राव झाला तर इस्ट्रोजेनने अस्तर आधी उभे केलेले होते. नाही झाला तर इस्ट्रोजेन अपुरे आहे किंवा स्राव बाहेर येण्याच्या वाटेत अडथळा आहे. ‘गोळी लागू पडली नाही’ हे आपले घरगुती निदान इथे हमखास चुकते.

उलट बाजूला पीसीओएस, म्हणजे बीजकोषांचा एक विकार. बीज सुटत नाही, म्हणून पीतपिंड नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही; इस्ट्रोजेन मात्र चालूच. अस्तर जाड होत राहते, अवेळी आणि कसेही गळते, आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या देताना गर्भाशय असलेल्या बाईला प्रोजेस्टेरॉन जोडून देतात ते यासाठीच. रोज देत नसतील तर महिन्यातले 12 ते 14 दिवस. कमी दिवसांत पुरेसा आवर बसत नाही.

तेव्हा पत्रकात ‘प्रोजेस्टेरॉनचा आवर नसलेले इस्ट्रोजेन’ असे लिहा. लांब आहे, पण अर्थ सांडत नाही.

जाता जाता आणखी एक. मजकुरात ‘बच्चेदानीची परत मोटी झाली’ असे वाक्य आहे. इंदुरात ते बिनदिक्कत कळेल, कारण हिंदीत ‘परत’ म्हणजे थर आणि ‘मोटी’ म्हणजे जाड, पण पुण्याची सून ‘परत’ म्हणजे ‘पुन्हा’ समजेल आणि कोण पुन्हा लठ्ठ झाले म्हणून शोधत बसेल. ‘गर्भाशयाचे अस्तर जाड झाले’ असे करा आणि पुढे जाडीचा जो आकडा दिला आहे त्याला चक्राचा दिवस जोडा. पाळी येणाऱ्या बाईत विसाव्या दिवशी 11 मिलिमीटर अस्तर नेहमीचेच. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या बाईत 4 मिलिमीटरच्या वर गेले तरी डॉक्टर पुढची तपासणी सांगतात.