वाचकांचे प्रश्न : पंख नसलेला पक्षी

प्रश्न : मालवणजवळ एका रिसॉर्टवाल्याने गेटापाशी स्टीलचा उंच चकचकीत खांब उभा केलाय, खाली पाटी 'पक्षी'. चोच नाही, पंख नाहीत. भाऊ म्हणतो आर्टच्या नावाखाली काय वाट्टेल ते खपवतात. पण मुलाला ते भलतंच आवडलंय, तो फॅब्रिकेशनचं काम करतो आणि आता अंगणात तसंच काहीतरी उभं करायचं म्हणतोय. हा पक्षी बघायचा कसा, आणि खाऱ्या वाऱ्यात स्टील टिकेल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, तुमच्या भावाला पडलेला प्रश्न अमेरिकन कस्टमवाल्यांनाही पडला होता. ब्रांकुसी नावाचा मूळचा रोमानियन शिल्पकार, पॅरिसात राहायचा, त्याचा ब्राँझचा पक्षी 1926 मध्ये न्यूयॉर्कला उतरला. कलाकृतीला ड्युटी माफ होती, पण हे शिल्प कसलं म्हणत त्यांनी त्याला स्वयंपाकघर-हॉस्पिटलच्या सामानात टाकलं आणि 40 टक्के ड्युटी लावली. केस झाली. एपस्टाइन नावाच्या शिल्पकाराला कोर्टात विचारलं, हे साधा मेकॅनिक पण करेल ना? तो म्हणाला पॉलिश करेल, सुचणार नाही. 1928 ला निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला.

आणि लांबची गोष्ट म्हणू नका, असले तीन पक्षी आपल्या इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी घेतले होते, काळा संगमरवरी, पांढरा संगमरवरी आणि ब्राँझचा, या पक्ष्यांसाठी मंदिर बांधायचं चाललेलं, ब्रांकुसी स्वतः इंदूरला येऊन गेला पण ते राहूनच गेलं. संगमरवरी दोन आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत. मला तर अजून चुटपूट लागते.

आता बघायचं कसं. ब्रांकुसीने पण सुरुवात चोच-छाती-शेपटीवाल्या पक्ष्यापासूनच केली, 1910 च्या आसपास, मग एकेक गोष्ट काढत काढत 1923 पर्यंत फक्त वर जाणं तेवढं ठेवलं. खाली अगदी बारीक, मध्ये हळूच फुगत जातो, पुन्हा निमुळता आणि टोकाला तिरका काप. बंदरावर मासळी उतरते तेव्हा ब्राह्मणी घार सूं करून खाली येते आणि वर जाते, तेव्हा पिसं कोण मोजतं? दिसतो तो नुसता बाक. तेच आहे हे. म्हणून त्या खांबाभोवती एक चक्कर मारा. जाडी बदलते का, कडा कुठे वळते, उजेड वर सरकतो का ते बघा. खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा सरळसोट पाइप असेल तर भावाचं बरोबर आहे, पाटी काढून टाकायला सांगा.

मुलाला सांगा 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घेऊ नको, किनाऱ्यावर त्याला तपकिरी डाग पडतात. 316 ग्रेडचं महाग पडतं पण त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, खारं वारं बरंच सोसतं. फिनिश आरशासारखं गुळगुळीत हवं, खरखरीत ठेवलं की मीठ धरून बसतं. साध्या लोखंडावर चालवलेलं ग्राइंडिंग व्हील याला लावायचंच नाही, लोखंडाचे कण चिकटतात आणि तेच गंजतात, वेल्डिंगचा काळा-निळा पट्टा पण नीट साफ करायचा. बूड बारीक ठेवणार असेल तर आतून जाड रॉड काँक्रीटमध्ये खोल घ्यावा, पावसाळ्यातलं वारं तुम्हाला मी काय सांगणार. पावसात तो आपोआप धुतला जाईल, बाकीचे महिने अधूनमधून विहिरीचं गोडं पाणी मारायचं, तेही पाऊस पोचत नाही त्या खालच्या बाजूला जरा जास्तच.