दीडशे चिजा (म्हणजे बंदिशी) पाठ आहेत, पण शास्त्रीय गाण्यात करिअर होईल का?

ताई नमस्कार, पत्र मिळालं. मुलगी बारावी कॉमर्सला, गाण्याच्या परीक्षांमधलं विशारद प्रथम झालंय, दीडशेच्या वर बंदिशी पाठ आहेत, तिला संगीत शिकायला पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात जायचंय आणि घरचे म्हणतायत आधी सीए कर, गाणं काय नंतरही होतंच. नंतर होत नाही हो ताई. 17 ते 25 या वयात जो रियाज होतो तो ऑफिसमधून दमून आल्यावर होत नाही.

पण दीडशे या आकड्यावरही जाऊ नका. परीक्षेसाठी प्रत्येक रागात एक विलंबित (संथ), एक द्रुत (जलद) बंदिश, ताना लिहून पाठ, असं करत वही भरतेच. खरं तर राग कसा चालतो, कुठे थांबतो, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कुठून उचलून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा यायचा, हे सगळं बंदिशीच्या स्थायी आणि अंतरा या दोन भागांच्या चार ओळींत बांधलेलं असतं, म्हणून तर 18व्या शतकातले रचनाकार सदारंग यांच्या चिजा आजही मैफलीत गातात आणि संगीतशास्त्री भातखंड्यांनी कुठून कुठून बंदिशी मिळवून, स्वरलिपीत लिहून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग उभे केले, तेही मूळ मराठीत. अर्थात स्वरलिपीत सूर मिळतात, शब्द कुठे सैल सोडायचा ते गुरूंसमोर बसूनच कळतं.

म्हणून एक करा. तिच्या आवडीच्या रागातली मध्यलय तीनतालातली एकच बंदिश, वही बंद, तबल्याला कुणीतरी, आणि वीस मिनिटं गाऊ दे, पाठ केलेली एकही तान नको. सोळा मात्रांत फिरून मुखडा आपसूक पकडतीये का, अंतरा उरकतीये की तार षड्जावर (वरच्या सा वर) रमतीये, हे तिच्या गुरूंना आणि तिला न ओळखणाऱ्या एखाद्या जाणकाराला ऐकू दे. पाच मिनिटांत संपलं तरी घाबरू नका, फक्त मग नव्या चिजा घेणं थांबवून वर्षभर दोन-तीन रागांतच बढत, म्हणजे स्वरास्वराने राग फुलवणं, करायची.

पैशाचं सरळ सांगते, नुसत्या मैफलींवर घर चालणारे फार थोडे. शिकवणं हाच मुख्य आधार, कॉलेजात शिकवायचं तर सहसा एमए आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा करावी लागते आणि जागा कमी असतात. आकाशवाणीची ऑडिशन द्यावी, ग्रेड मिळाली तर नाव होतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, तिला 18 पूर्ण झाली की फॉर्म भराच.

आणि तिच्या वडिलांना गायिका प्रभा अत्रेंबद्दल सांगा, पुण्यातच वाढल्या, विज्ञान आणि कायदा दोन्हीच्या पदव्या, आकाशवाणीत नोकरी, पुढे मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागप्रमुख, आणि स्वतः कितीतरी बंदिशी रचल्या. म्हणजे पदवी घेऊन गाणं होतं, पण त्यांनी गाणं कधी बाजूला ठेवलं नव्हतं. सीएची आर्टिकलशिप (ऑफिसातलं सक्तीचं प्रशिक्षण) मात्र दिवस खाते, त्यापेक्षा साधं बीकॉम आणि रोज सकाळी तालीम हा मधला रस्ता मला पटतो, ललित कलाला प्रवेश नाही मिळाला तर. मिळाला तर पाठवा तिला.