किमया (साध्या धातूंचं सोनं बनवायची जुनी विद्या), गूढविद्या वगैरेंचा आधुनिक अर्थशास्त्राच्या जन्माशी खरंच काही संबंध आहे का?

आहे, पण कुठल्या गुप्त मंडळाने बसून अर्थशास्त्र रचलं वगैरे व्हॉट्सॲप टाईप गोष्टी सोडून द्या. 17व्या शतकात किमयागार आणि पैशावर विचार करणारे लोक बऱ्याचदा एकच होते, एवढं साधं आहे ते.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे योहान बेखर. हा जर्मन माणूस व्हिएन्नाला सम्राट लिओपोल्ड पहिला याचा सल्लागार, त्याच्याच सल्ल्याने 1666 मध्ये तिथे व्यापार मंडळ निघालं, 1668 मध्ये त्याने राज्याच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं ज्यात लोकसंख्या, खप आणि व्यापार यांचं नातं मांडलंय, आणि हाच गडी नंतर डच लोकांना सांगत होता की समुद्राच्या वाळूतून सोनं काढून देतो! त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच काम, राज्याची संपत्ती वाढवायची.

इंग्लंडमध्ये सॅम्युअल हार्टलिब या त्याच शतकातल्या विद्वानाच्या भोवती असाच गोतावळा होता, किमया, शेतीसुधारणा, बँकेच्या योजना सगळं एकत्र चालायचं. विल्यम पेटी, ज्याला मार्क्सने राजकीय अर्थशास्त्राचा जनक म्हटलं, तो पण तिथलाच. निसर्गातली संपत्ती ठराविक नाही, ज्ञान वापरून वाढवता येते हा विचार या लोकांत मुरलेला होता, आणि सोनं बनत नाही तर कागदी पत (नोटांसारखा विश्वासावर चालणारा कागदी पैसा) वाढवू, हे पुढचं पाऊल मला तरी फार लांबचं वाटत नाही.

न्यूटन तर माहितीच असेल, किमयेच्या वह्या भरभरून लिहिल्या आणि 1696 पासून टांकसाळीत नोकरी. त्यातल्या बऱ्याच वह्या 1936 च्या लिलावानंतर कोणी जमवल्या? 20व्या शतकातला प्रसिद्ध अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने!