रोबोटिक्सचा इतिहास कुठून सुरू करावा?

अभियांत्रिकीच्या सादरीकरणासाठी रोबोटिक्सचा इतिहास १९६१ च्या ‘युनिमेट’ या कारखान्यातल्या रोबोपासून धरावा की त्याही मागे जावे, आणि माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रांना किती जागा द्यावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मागे जावे, आणि सादरीकरण सोलापुरात करायचे असेल तर १८०४ पर्यंत जावेच. त्या वर्षी फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने जो माग सिद्ध केला, त्याचे वंशज पूर्व भागात आणि एमआयडीसीत आजही चादरी विणतात, त्यामुळे ते पाहण्यासाठी आपल्याला संग्रहालयात जाण्याची गरज नाही.

या मागात बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, प्रत्येक फेकीसाठी पुठ्ठ्याचे एक पंच कार्ड असते. जिथे भोक असेल तिथे सुई आत जाते, तिला जोडलेला हूक वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताण्याचे ठरावीक उभे धागेही उचलले जातात. नक्षी बदलायची तर माग मोडावा लागत नाही, कार्डांची माळ बदलली की पुरते. यंत्र एक आणि त्याला दिलेली आज्ञा वेगळी, ही फारकत मला पुढच्या सगळ्या टप्प्यांहून मोलाची वाटते. भोकांच्या कागदाची कल्पना फ्रान्सच्या ल्यों शहरात १७२५ पासून रुळत होती, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या जॅकार्डला देऊ नये. खुद्द जॅकार्डचे रेशमी व्यक्तिचित्र विणण्यासाठी पुढे सुमारे २४,००० कार्डे लागली, आणि त्याची प्रत बाळगणाऱ्या इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे घेतली.

मात्र कार्डांवर चालणारा हा माग आंधळा होता. धागा तुटला तरी तो विणतच राही. जपानच्या साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच स्वतःहून थांबत असे. रोबोटिक्सच्या याद्यांमध्ये हा माग सहसा आढळत नाही, तरीही संवेदन आणि कृती यांची सांगड घालणारे यंत्र म्हणून मी त्याला आवर्जून जागा देईन. त्यानंतर १९४८-४९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी बनवलेली, प्रकाशाकडे सरकणारी आणि अडथळ्याला टेकताच वाट बदलणारी छोटी यांत्रिक ‘कासवे’ घ्यावीत.

आता ‘युनिमेट’. जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, जोसेफ एंगेलबर्गर यांनी त्या कल्पनेचा उद्योग उभा केला आणि १९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात हा यांत्रिक हात साच्यातून निघालेले तप्त सुटे भाग उचलू लागला. हाताला एकेका स्थितीत नेऊन ती चुंबकीय ड्रमवर नोंदवून ठेवायची आणि नंतर त्याच क्रमाने वदवून घ्यायची, अशी त्याची शिकवण होती. म्हणजे आज्ञा साठवण्याची जुनीच युक्ती, फक्त पुठ्ठ्याऐवजी ड्रम. हा हात तेलाच्या दाबावर चाले. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६९ साली व्हिक्टर शाइनमन यांनी विजेवर चालणारा, संगणकाने हलवता येणारा हात घडवला, आणि १९७४ च्या सुमारास स्वीडनच्या असेआ कंपनीने मायक्रोप्रोसेसर असलेला विद्युत रोबो बाजारात आणला. आजच्या वेल्डिंग लाइनवरील हात याच घराण्यातले.

‘शेकी’वर थोडे थांबावे. १९६६ ते १९७२ या काळात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बनलेला हा चाकांवरचा रोबो कॅमेऱ्याने खोली पाहून पुढच्या कृतींची योजना स्वतः आखत असे. तो अतिशय मंद होता, पण त्याच्यासाठी १९६८ मध्ये मांडलेली ‘ए-स्टार’ ही वाट शोधण्याची पद्धत आपण अल्गोरिदमच्या अभ्यासक्रमात शिकलाच असाल.

मानवाकृती यंत्रांपैकी जपानच्या वासेदा विद्यापीठाचा १९७३ चा ‘वाबोट-१’ आणि होंडाचा २००० चा ‘असिमो’ एवढे दोन एकाच स्लाइडवर पुरेत. टाळ्या त्यांनाच मिळतील, पण परीक्षकांनी प्रश्न विचारले तर उत्तरे मागात, ‘युनिमेट’मध्ये आणि ‘शेकी’तच सापडतील. वेळ उरला तर मंगळावर १९९७ मध्ये उतरलेल्या ‘सोजर्नर’ या फिरत्या यंत्राचा उल्लेख करावा, नाहीतर तोही वगळला तरी चालेल.