'मरुत' म्हणजे मारुती नव्हे

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमधलं 'मरुत' हे भारतात बनलेलं लढाऊ विमान पाहून एका वाचकाने विचारलंय: हे नाव मारुतीवरून पडलं का? आणि जमिनीवर हल्ला करणाऱ्या विमानांना नावं देण्याचा काही नियम असतो का?

मारुतीवरून नाही. तिथे पालक मुलांना बिनदिक्कत 'ते बघ मारुती विमान' म्हणून दाखवतात, हे थांबायला हवं. मरुत् म्हणजे वारा, तो बाप; मारुती हा मुलगा. दशरथाचा दाशरथी, तसा मरुताचा मारुती. पहिल्या स्वराची वृद्धी, म्हणजे इथे 'अ'चा 'आ' होणं, अपत्य दाखवते. ऋग्वेदात तर मरुत हा वादळाच्या देवांचा अख्खा गण आहे: रुद्राचे पुत्र, खांद्यावर भाले, चाल करून आले की डोंगर हलतात. चार ३० मिमी तोफा आणि पोटातून खाली उतरणारा ६८ मिमी रॉकेटांचा संच बाळगणाऱ्या विमानाला याहून चपखल नाव सापडलं नसतं.

पण खरी मौज 'तुफानी'त आहे. १९५३ पासून आलेल्या फ्रेंच 'उरागां' विमानांना आपल्या हवाई दलाने हे नाव दिलं. उरागां म्हणजे हरिकेन, शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरचा. आपण त्याला अरबी-फारसी तुफान जोडलं, आणि ब्रिटिशांच्या 'टायफून' विमानाचं नाव त्याच तुफानाचं भावंड! टायफून निव्वळ चिनी 'ताय-फुंग'वरून आला असं छातीठोक सांगणाऱ्या कोशकारांशी माझं भांडण आहे. १५८८ मध्ये इंग्रजीत हा शब्द 'तूफॉन' असा दिसतो, तोही हिंदुस्थानच्या प्रवासवर्णनात. अरबी समुद्रातल्या खलाशांचं तुफान, त्याचं पोर्तुगीज 'तुफांव', तिथून इंग्रजी. चिनी शब्दाने पुढे त्याचं रूप घडवलं, एवढंच श्रेय त्याला द्यावं.

वादळाची नावं मुद्दाम जमिनीवरच्या हल्ल्यासाठी निवडली, असं मात्र समजू नये. हॉकर कंपनीचं टायफून हे दुसऱ्या महायुद्धातलं विमान शत्रूची विमानं अडवायला बनवलं होतं. जाड पंखांमुळे उंचावर ते मंदावायचं, म्हणून खाली आणून रॉकेटं लावली आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत ते गाजलं. मरुतचंही तेच झालं. ज्या ताकदीच्या इंजिनावर आराखडा बेतला ते मिळालंच नाही, दोन कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न बारगळलं आणि १९७१ मध्ये ते राजस्थानच्या आघाडीवर जमिनीलगत लढलं.

नियमाचं म्हणाल तर आपल्याकडे ठरीव साचा दिसत नाही: जॅग्वार 'शमशेर', मिग-२७ 'बहादूर'. नेटोने रशियन विमानांना दिलेल्या नावांत आद्याक्षर प्रकार सांगतं, पण जमिनीवरच्या हल्ल्यासाठी वेगळं अक्षरच नाही. म्हणून सुखोई-२५ लढाऊ विमानांच्या 'एफ'मध्ये बसून 'फ्रॉगफूट' झालं. रशियनांकडे मात्र या कामाच्या विमानाला स्वतंत्र शब्द आहे, श्टुर्मोविक. त्यातला 'श्टुर्म' जर्मनमधून आला, आणि जर्मनमध्ये त्याचे अर्थ दोन: वादळ आणि चढाई. तेव्हा 'श्टुर्मोविक' हे दुसऱ्या महायुद्धातल्या एकट्या इल्युशिन-२ विमानाचं विशेषनाम समजून लिहू नका. सुखोई-२५ सुद्धा श्टुर्मोविकच.